भोंगा ग्राहकाचा

पहिल्या कंपनीचं ऑफिस पनवेल स्टेशनच्या बाजूला होतं, काचेचं आणि थंडगार. तिथल्या माणसाने घरात बसवायच्या अलार्मची किंमत सांगितली आणि वर म्हणाला, "फिक्स रेट आहे सर." मी उठलो. जिथे भाव करता येत नाही तिथे खरेदी केली की मला वस्तू घेतल्यासारखं वाटत नाही, दंड भरल्यासारखं वाटतं.

दुसरी कंपनी फोनवर भेटली. त्यांची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अलार्म वाजला की आमच्या कंट्रोल रूममधून तुम्हाला लगेच कॉल येईल."

"आणि मी उचलला नाय तर?"

"मग आम्ही पुन्हा कॉल करू."

"आणि तोपर्यंत चोराने काय करायचं?"

तिने मला होल्डवर टाकून गाणं लावलं. मी गाणं संपेपर्यंत ऐकलं, कारण फोन त्यांच्या खर्चाचा होता. मग ठेवून दिला.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल म्हणून लागलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. सळ्या उचलता उचलता कोणती सळई किती भरेल ते खांद्याला कळायला लागलं. आज माझं स्वतःचं गोदाम आहे. लोक मला भंगारवाला म्हणतात; मी पावतीवर 'लोखंडाचे व्यापारी' असं छापून घेतलंय. जे काही केलं ते दोन गोष्टींच्या जोरावर, खांदा आणि तोंड. आता खांदा दुखतो, त्यामुळे सगळा भार तोंडावर आहे.

अलार्मची गरज का पडली, ते सांगतो. त्यात माझा राग आहे आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही.

दीड वर्षापूर्वी माझ्या मुलीची हळद होती. आमचं गाव पनवेलला लागून. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत, पण हळद म्हटलं की अजून सगळं गाव मांडवात असतं. मांडव शाळेच्या मैदानावर, घरापासून शंभर पावलांवर. आम्ही सगळे तिथे नाचत असताना कुणीतरी माझं मागचं दार उचकटलं आणि पाण्याची मोटर, टीव्ही आणि आजोबांच्या वेळची तांब्याची घागर घेऊन गेला. सोनं वाचलं, कारण ते सगळं बायकांच्या अंगावर मांडवात होतं.

आता ऐका. माझ्या घराला लागून माझ्या चुलत भावाचं घर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मध्ये एका विटेची भिंत. त्याला शिंक आली तर आमच्याकडे देव बरं करो म्हणतात. त्या संध्याकाळी त्याच्या पायाला प्लास्टर होतं म्हणून तो हळदीला आला नव्हता, घरीच पलंगावर पडला होता. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस मला म्हणाला, "मला काय आयकू आलं नाय."

दार उचकटलं. मोटर उपसली. टीव्ही भिंतीवरून काढला. आणि याला काय आयकू आलं नाय! मी त्याला चार माणसांत नको ते बोललो. त्यानेही मला सोडलं नाही. तेव्हापासून दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच नळाला पाणी भरतो, पण पाइपकडे बघून.

तिसऱ्या कंपनीकडून एक बाई आल्या. चाळिशीच्या, स्कूटरवर, डिकीत सगळं सामान. घरात शिरताच त्यांनी मागचं दार दाखवा म्हटलं, तेव्हाच मला कळलं की ही बाई कामाची आहे. आधीच्या दोघांनी पुढचं दार सोडून काही विचारलंच नव्हतं. आमच्याकडे पुढच्या दाराने फक्त पाहुणे आणि तलाठी येतात.

त्यांनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. दाराला लावायचे सेन्सर, हालचाल टिपणारा सेन्सर, मधली पेटी, भोंगा. "नेट गेलं तर आत सिमकार्ड आहे. लाईट गेली तर बॅटरी आहे. बाकीचे लोक हे नंतर सांगतात आणि वेगळे पैसे घेतात. मी आधीच सांगते."

मी भोंगा हातात घेऊन तोलला. "पाव किलो नाय भरत हा. आणि याचे एवढे?"

"दादा, भोंगा वजनावर घेतात का? वहिनींचं मंगळसूत्र तुम्ही वजनावर घेतलंत की कारागिरीवर?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "वजनावरच घेतलं! सोनाराशी भांडून वर डबी पण फुकट आणली!"

अशा बाईशी भाव करण्यात मजा असते. सेन्सरवर त्या उतरल्या, बसवण्याच्या मजुरीवर मी उतरवलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिन्याची फी कमी होते, हे त्यांनी सांगायच्या आधी मी त्यांच्याकडून काढून घेतलं. हालचालीच्या सेन्सरमध्ये एक महागडा प्रकार होता, घरात प्राणी असेल तर तो वाजत नाही.

"तुमच्याकडे पाळीव प्राणी?"

"एकही नाय. साधा द्या."

राहिला भोंगा. तिथे मी माझा हुकमी पत्ता टाकला. माझ्या गोदामात एका बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा पडून होता. पाळी सुटली की वाजायचा तो. अस्सल ओतीव लोखंड. दोन माणसांनी उचलावा लागतो.

"भोंगा माझा. तुमचे पैसे कापा."

बाईंनी चष्मा वर केला. "दादा, तो चार गावांना ऐकू जातो."

"मग? चोर चार गावांचा असू शकतो."

शेवटी त्यांनी पैसे कापले, पण पावतीवर स्पष्ट लिहिलं, 'भोंगा ग्राहकाचा. कंपनी जबाबदार नाही.' माझ्या ओळखीच्या वायरमनने तो गच्चीवर चढवला आणि इन्व्हर्टरला जोडला, म्हणजे लाईट जाऊ देत नाहीतर राहू देत, भोंगा अडायला नको. मी खूश होतो. बाजारात निम्म्या लोकांना सांगून झालं की कितीला पडला.

मग बाईंनी फॉर्म काढला.

"आता शेवटचं. मॉनिटरिंगसाठी दोन माणसं लिहा. जवळ राहणारी, घराची किल्ली असलेली, पाच मिनिटांत पोचणारी. तुम्ही फोन उचलला नाहीत तर आम्ही त्यांना बोलावतो, मग पोलिसांना."

"मी आणि बायको."

"घरातले चालत नाहीत. तुम्ही बाहेर असाल तर?"

"मुलगी लिहा."

"कुठे असते?"

"करंजाला, उरणजवळ. सासरी."

"उरणहून पाच मिनिटांत येणार?"

मी गोदामाच्या वॉचमनचा नंबर दिला. त्या म्हणाल्या, मोटरसायकल असेल तर चालवून घेते. एक ओळ भरली. दुसरी मोकळी.

"मागच्या घरात कोण राहतं?"

"त्याच्याशी गटाराची केस चालू हाय."

"समोर?"

"त्याने माझ्या गेटसमोर गाडी लावली होती."

"आणि शेजारी? भिंतीला भिंत आहे."

मी पावती पुन्हा वाचायला घेतली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, गावात तुम्ही बोलता तरी कुणाशी?"

"माझ्याशी," बायको चहा ठेवत म्हणाली. "ते पण मीठ कमी पडलं तर."

"हे बघा," बाई म्हणाल्या, "नुसता भोंगा म्हणजे गावाला सांगणं झालं. मॉनिटरिंग म्हणजे माणूस पाठवणं. पाठवायला माणूसच नसेल तर मी फी कशाची घेऊ? दुसरं नाव द्या, त्या दिवसापासून सेवा चालू."

त्या गेल्या. फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवून ठेवला. रोज पाणी घ्यायला गेलं की ती रिकामी ओळ समोर. बायको तोंडाने काही बोलत नव्हती. पण फ्रिजचं दार जरा जोरातच बंद करायची.

नाव द्यायला आठ दिवस होते. त्यानंतर जावयाच्या घरची नवी बोट पाण्यात उतरणार होती आणि आम्हा दोघांना पूर्ण दिवस करंजाला जायचं होतं. म्हणजे घर परत रिकामं, हळदीसारखंच. आठ दिवस मी दुसरं नाव शोधलं. किराणावाल्याने हसून विषय बदलला. इस्त्रीवाला म्हणाला, "शेठ, किल्ली नको, उद्या काय गेलं तर तुमी माझंच नाव घ्याल." हे ऐकून मला राग आला, आणि राग यासाठी आला की त्याचं बरोबर होतं.

ओळ रिकामीच राहिली. जाताना मी अलार्म चालू केला, चार आकडी कोड टाकला आणि भोंग्यावर भरवसा ठेवून निघालो.

करंजाच्या बंदरात बोट सजवली होती. झेंडूच्या माळा, नारळ, भटजी, जेटीवर दीडशे माणूस. माझा जावई बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, नारळ फोडणार इतक्यात माझा फोन वाजला. नंबर पाहून मला वाटलं, चुकून लागला असेल. चुलत भावाचा.

उचलला, तर आधी माणूस नाहीच, नुसता भोंगा. उरणपर्यंत आला नसेल, पण फोनमधून पुरेपूर आला. त्यामागून कुठूनतरी तो ओरडत होता.

"मांजर! अरे मांजर हाय! चोर नाय!"

कळायला वेळ लागला. झालं होतं असं. बायकोने पडवीत बोंबील वाळत घातले होते. पडवीच्या खिडकीची एक काच तुटकी. मांजर आत शिरलं, सेन्सरने टिपलं. हे मांजर कुणीही पाळलेलं नाही. ते सगळ्या गावाकडे जेवतं. मी बाईंना खोटं बोललो नव्हतो. पण साधा सेन्सर त्याला चोरच समजला.

"बंद कसा करू? मेन स्विच पाडला, तरी वाजतोय!"

"तो इन्व्हर्टरवर हाय!"

"काय?"

"इन्व्हर्टरवर!"

"काय हाय? टॉवरमधली मानसं खाली उतरलीत! केमिकल कंपनीत गॅस फुटला म्हणतात! दोन बायका पोरं घेऊन रिक्षात बसल्या! कोड सांग!"

आता कोड ही गुप्त गोष्ट. बाईंनी बजावलं होतं की बायकोशिवाय कुणाला सांगू नका. मी जेटीच्या कडेला गेलो, तोंडावर हात धरला आणि हळू सांगितला.

"आयकू येत नाय!"

जरा मोठ्याने सांगितला.

"नाय येत!"

शेवटी मी छाती भरून ओरडलो. चारही आकडे बंदरभर गेले. भटजी थांबले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने कपाळाला हात लावला.

आणि भोंगा थांबला.

फोनमध्ये एकदम इतकं शांत झालं की त्याचा श्वास ऐकू येत होता. धावत आला होता तो. मग म्हणाला, "आता आयकू येतंय?"

"येतंय."

"मग आयक. तुज्या पोरीच्या हळदीचा डीजे कुनी आणला?"

"मी."

"दोन स्पीकरच्या पैशात चार डबे आणलेस. गावभर सांगत फिरत होतास. तोंड कुठे होतं त्यांचं?"

 डब्यांची तोंडं आमच्या आळीकडे होती. मीच फिरवून घेतली होती, म्हणजे घरी राहिलेल्यांनाही कळावं की हळद कुणाच्या पोरीची आहे.

"माजी बायको माज्या कानाशी ओरडत होती, ते मला आयकू येत नव्हतं. कपाटातली भांडी हलत होती. आनि तुजं दार आयकू यायला पायजे होतं? आज वाजलं, तर आलो का नाय?"

"किल्ली कुठून आनलीस?"

"जिथं होती तिथून. खिळ्यावरून. तू मागितलीस कवा?"

खरंच मागितली नव्हती. दीड वर्षात मी त्याच्याकडून ओवा, शिडी, सायकलचा पंप सगळं मागायचं बंद केलं, पण किल्ली मागे घ्यायचं सुचलंच नाही. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं, तर त्यांची किल्लीही आमच्या देवघरामागच्या खिळ्याला होती. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "भांडण तुमचं होतं. खिळा माझा हाय."

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि त्याच्या ओट्यावर गेलो. करंजाहून आणलेली सुरमई पुढे ठेवली. त्याने माशाचे कल्ले उघडून पाहिले, ताजा आहे की नाही ते.

"सही कर," मी म्हटलं.

"करतो. पन तो भोंगा उतरव."

"भोंगा राहील. तोंड तलावाकडे फिरवतो."

"उतरव."

"सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच वाजेल असा करतो."

"चोराला टायमटेबल देतोस काय? उतरव, नायतर ही सुरमई घेऊन जा."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने एकच भाव सांगितला आणि मी उठून गेलो नाही. सुरमई तशीच राहिली. सही झाली.

बाईंना फोन केला. प्लास्टिकचा भोंगा पाहिजे म्हटलं, आणि प्राणी ओळखणारा सेन्सरही. त्या म्हणाल्या, "दादा, ती ऑफर गेली. आता पूर्ण किंमत." मी अर्धा तास घासाघीस केली. एक रुपया उतरल्या नाहीत. मग बसवायला आल्यावर फॉर्म वाचत म्हणाल्या, "नातं?"

"भाऊ."

"सख्खे?"

"भिंत एक हाय. लिहा काय लिहायचं ते."

सेवा सुरू झाल्यावर कंपनी एकदा चाचणी घेते. मी मुद्दाम फोन उचलला नाही. दोन मिनिटांत तो दारात होता, अंगाला साबणाचा फेस, हातात कोयता. मला ओट्यावर बसलेला पाहून जे काही बोलला ते छापता येणार नाही.

त्याचा दम जरा खाली बसल्यावर मी विषय काढला. अलार्म वाजला तर त्यालाही ऐकू येतो. म्हणजे राखण त्याच्या घराचीही होते. तेव्हा महिन्याच्या फीत निम्मा वाटा त्याने द्यावा, हे माझं म्हणणं रास्त आहे. तो अजून तयार नाही. रोज संध्याकाळी नळावर या गोष्टीवरून आमचं वाजतं, आता पाइपकडे न बघता.

आणि हळदीच्या दिवशी त्याने निदान एकदा खिडकीतून डोकावायला हवं होतं, हे माझं म्हणणंही अजून कायम आहे. डोकावायला काही कान लागत नाहीत.