कंसातल्या अकरा शंका

आमच्या घरच्या कॉम्प्युटरने मला धमक्या द्यायला सुरुवात केली ती जून महिन्यात. चालू केला की निळी पाटी यायची: ही सिस्टिम आता जुनी झाली, लवकरच तिची काळजी घेणं आम्ही बंद करू, नवी घाला. मी "नंतर आठवण करा"वर टिचकी मारायचो आणि चहा टाकायला उठायचो.

कॉम्प्युटर माझा नव्हता, बायकोचा होता. पंचवीस वर्षं तिने घरी बसून मराठी टायपिंग केलं. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, काय म्हणाल ते. मे महिन्यात ती गेली. त्यानंतर मी सगळं वेळच्या वेळी केलं. दूध आणलं, वीजबिल भरलं, भेटायला येणाऱ्यांना किस्से सांगून हसवून परत पाठवलं. "छान सावरलात हो," असं लोक जिन्यात एकमेकांना सांगायचे. सावरायला आधी कोसळावं लागतं, ते राहूनच गेलं होतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा दुसऱ्याचा असल्यासारखा लागतो, तसा मी अख्खाच झालो होतो.

ऑक्टोबरात एका मंगळवारी मी ठरवलं, आज नवी सिस्टिम घालायची. खराडीला नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"बाबा, हात लावू नकोस. मी रविवारी येते."

"अगं, त्यात काय आहे? 'पुढे, पुढे' तर करायचं असतं."

"बाबा, प्लीज. तू मिक्सरचं झाकण उलटं लावतोस."

एवढ्या उत्तेजनानंतर कोण थांबणार? मी आंघोळ केली, चष्मा पुसला, खुर्ची सरसावली. पडद्यावर प्रश्न आला: काय काय ठेवायचं? सगळं ठेवा, फक्त फायली ठेवा, काहीच ठेवू नका. मी तिसरं निवडलं. का, याची मी आजवर पाच जणांना पाच कारणं सांगितली आहेत, सगळी रंगतदार. खरं कारण इतकंच, की त्या तिन्हींत मला तेच ओळखीचं वाटलं.

चौसष्ट टक्क्यांवर गाडी अडली ती दीड तास. पंखा इतका घरघरला, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, वरवंटा फिरवताय का. मग पडदा काळा, मग निळा, मग आवाज गेला, मग आवाज आला आणि प्रिंटर गेला. संध्याकाळी पाचला कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा चकचकीत होऊन समोर बसला. मी स्वतःशीच टाळ्या वाजवल्या.

बुधवारी सकाळी सर आले.

सर म्हणजे एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक, बायकोचे शेवटचे गिऱ्हाईक. पुढच्या रविवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि त्यात वाटायला त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. बायकोने ते सगळं टाइप केलं होतं, फक्त छापखान्यात द्यायचं राहिलं होतं. पाच महिने सर त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. आता सोमवारी फाइल दिली नाही तर पुस्तक होणार नव्हतं.

मी ऐटीत फाइल उघडली. कामाच्या फायली ती वेगळ्या ड्राइव्हवर ठेवायची, म्हणून वाचल्या होत्या. पण आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेले परदेशी स्वर. एकशे बारा पानं तसलीच.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. "अहो, हे मी लिहिलेलं नाही."

"सर, मजकूर तोच आहे. तिचा जुना फॉन्ट उडालाय."

"उडाला, की उडवलात?"

"तुमच्याकडे हस्तलिखित असेलच की."

"प्रत्येक प्रकरण टाइप झालं, की मी माझी पानं फाडत होतो. आपलं घर नीटनेटकं आहे, अशी माझी समजूत होती." त्यांनी छत्री उचलली. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या वयात दुसऱ्यांदा लिहिणं होणार नाही माझ्याच्याने."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी दार लावलं आणि भाजी चिरली.

मुलगी रविवारी आली. पाच मिनिटं पडद्याकडे, दहा सेकंद माझ्याकडे बघितलं. "आईच्या त्या प्रोग्रॅमची सीडी कुठंय?"

"तिच्या कपाटात."

मे महिन्यापासून ते कपाट कुणी उघडलं नव्हतं. मुलीने उघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांवर कोथिंबीर घातली, आधी घातलेली असताना. सीडी मिळाली. ड्राइव्हचं तोंड उघडेना, ते टाचणीने उघडलं. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालायला तयार नव्हता, पण सीडीवरचा फॉन्ट चालला. एका क्षणात एकशे बारा पानं मराठीत बोलू लागली.

"पण बाबा, प्रोग्रॅम नाही म्हणजे ह्यात नवीन काही टाइप होणार नाही. खोडता येईल फक्त."

"खोडायचंय काय त्यात?"

होतं. पानापानांत कंस होते. बायकोने सरांना विचारलेल्या शंका, एकूण अकरा. मी सरांना फोन केला, खोडता येईल पण नवीन घालता येणार नाही, तेही सांगितलं. ते अर्ध्या तासात आले, खुर्ची ओढून बसले. मी मोठ्याने वाचत गेलो.

"(सर, हे वाक्य पान नऊवर येऊन गेलंय. पुन्हा हवंच का?)"

"नको. खोडा."

"(सर, ह्या तपासनीसांना तुम्ही गाढव म्हटलंय. त्यांचे चिरंजीव समारंभाला येणार आहेत ना?)"

"अख्खं वाक्य खोडा."

मुलगी खिडकीशी पाठ करून उभी होती. आवाज तिच्या आईचाच होता, तो कोरडा, तिरका आवाज, आणि वाचत होतो मी. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. ती कामाची माणूस, गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी कळ दाबत होतो आणि एकेक कंस जात होता. आत काही हलतंय का, म्हणून मी लक्ष ठेवून होतो. नाही.

दहा झाल्या. अकरावी एकसष्टाव्या पानावर होती. सरांनी लिहिलं होतं, घरच्यांनी चांगली साथ दिली. पुढे कंस: "(सर, घरच्यांनी म्हणजे काकूंनीच ना? पुस्तकात त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही. विसरलात?)"

सरांनी छत्रीची मूठ चोळली. "नवीन घालता येत नाही म्हणालात?"

"नाही."

"मग खोडा."

मी बोट कळीवर ठेवलं. ठेवलं आणि उचललं. "खोडलं," म्हणालो. सरांचं लक्ष बुटांकडे होतं.

समारंभात जेवणाआधी पुस्तकं वाटली. पुणेकरच ते, वरणभात वाढेपर्यंत सात जणांनी मला गाठून सांगितलं, की एकसष्टाव्या पानावर मुद्रणदोष आहे. मी प्रत्येकाचे आभार मानले. आठव्या काकू. त्या सरांच्या शेजारी नवी पैठणी नेसून बसल्या होत्या. पान उघडून, चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तो कंस सगळा वाचला. मग पुस्तक सरांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी विचारलंय."

सरांनी पंगतीतून मला हुडकलं. "खोडलं म्हणालात ना हो?"

"सिस्टिम नवी आहे, सर," मी म्हणालो. "अजून हात बसायचाय."

"त्यांना राहू द्या," काकू म्हणाल्या. "उत्तर द्या आधी."