कंट्रोलचं गाव

जीप थांबली आणि बघते तर पारापाशी बाया रांगेत उभ्या. कुणाच्या हातात कापडी पिशवी, कुणाच्या हातात रॉकेलचा डबा. मी आमच्या इन्व्हेस्टिगेटरला, म्हणजे घरोघर फॉर्म भरणाऱ्या पोराला, विचारलं, "काल येऊन तू काय सांगून गेलास रे?"

"खरं तेच सांगितलं, मॅडम. हे आमचं कंट्रोलचं गाव आहे, उद्या मॅडम येणार आहेत, सगळ्यांनी थांबा."

मी कपाळाला हात लावला. आमच्या वर्धा जिल्ह्यात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं लुगडंसुद्धा. पहिली बाई पुढे आली. "साखर आणली का वो बाई?"

"साखर नाही, प्रश्न आणलेत."

"बाप्पा! थे तं घरीच ढीगभर हायेत," ती म्हणाली, आणि अर्धी रांग हसत हसत घरी गेली.

ऐंशी सालच्या आगेमागे मी वर्ध्यातल्या एका संस्थेत रिसर्च ऑफिसर होते. माझं काम इव्हॅल्युएशनचं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचा काही उपयोग झाला का, ते सांगायचं. या धंद्यात मित्र मिळत नाहीत. पद्धत तशी सोपी. शेतकरी नवं खत आणतो तेव्हा चार ओळींना घालतो, चार ओळी तशाच सोडतो आणि मग दोन्हीकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बघतो. आम्हीही तेच करायचो. एका गावात कोर्स घ्यायचा, तशाच दुसऱ्या गावात घ्यायचा नाही, आणि कोर्सच्या आधी एकदा व काही महिन्यांनी एकदा दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे. कोर्स न घेतलेलं गाव ते कंट्रोल.

कोर्स होता पालकत्वाचा. मजुरी करणाऱ्या घरांतल्या आयांना मुलं कशी वाढवावी ते शिकवायचं. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदून जिनं चार लेकरं जगवली, तिला हे आम्ही शिकवणार. यात काही गंमत आहे असं आमच्या मीटिंगमध्ये कुणालाच वाटलं नाही. शिकवायला सुमनताई होत्या म्हणून निभावलं.

सुमनताई बोरगाव मेघेला राहायच्या. त्यांच्या बौद्ध मोहल्ल्यातली मॅट्रिक झालेली पहिली सून. तोंडानं फटकळ. पोस्ट टेम्पररी. आमचा रिपोर्ट चांगला आला की कोर्स पुढे चालणार आणि सुमनताई पर्मनंट होणार. वाईट आला की परत सासऱ्याच्या वावरात निंदायला. सासरा तर त्या दिवसाची वाटच बघत होता. "माही नोकरी तुमच्या पेनात हाये, मॅडम," त्या मला म्हणायच्या. "शाई भरून ठेवजा."

सिलॅबसमध्ये पहिला धडा 'शारीरिक शिक्षा टाळणे'. उद्घाटनाच्या दिवशी मी हजर होते. बायांना वाटलं, शाळेतल्या कवायतीबद्दल चाललंय. एकीनं विचारलंही, "थे तं मास्तर घेते ना?" सुमनताईंनी सिलॅबस मिटून बाजूला ठेवला.

"हे पाहा वो. लेकराले मारू नका म्हटलं तं तुम्ही आयकणार नाई. मारा. पण डाव्या हातानं मारा. उजवा हात घास भरवाले हाये."

बाया खो खो हसल्या. पण त्यात मोठी मेख होती. डाव्या हाताचा नेम चुकतो. मारताना बाईला स्वतःचंच हसू येतं, आणि तोवर पोट्टं अंगणाबाहेर पसार.

कोर्स मे महिन्यात घ्यायचं आमच्या डायरेक्टर साहेबांनी ठरवलं होतं. साहेब परदेशात शिकून आलेले. "लीन सीझन," ते म्हणाले. "शेतात काम नसतं, बायका मोकळ्या असतात." दोन्ही गावंही त्यांनीच निवडली होती, केळझरच्या बाजूची, एकमेकांपासून दोन कोसांवरची. याला आमच्यात मॅचिंग म्हणतात. जाती सारख्या, शेती सारखी, मजुरी सारखी, घरं सारखी. साहेबांना या मॅचिंगचा भारी अभिमान. शिवाय फॉर्मवर बाईचं नाव लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक. गोपनीयता! लिहायचा तो फक्त हिवतापवाल्यांनी दारावर गेरूनं घातलेला घर नंबर. त्या घरातल्या लहान लेकराच्या आईला प्रश्न विचारायचे, झालं.

तर पोळा, गणपती आटोपल्यावर दुसऱ्यांदा प्रश्न विचारायला आम्ही त्या कंट्रोलच्या गावात गेलो होतो. रांग मोडल्यावर मी दारोदार हिंडू लागले. एका अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिच्या पोरानं येऊन सुपात माती टाकली. बाईचा उजवा हात सणकन वर गेला आणि तसाच थांबला. तिनं सूप खाली ठेवलं, हात बदलला आणि डाव्या हाताची अशी काही दिली की ती बाजेच्या पायाला लागली. पोरगं हसत पळालं.

"अवो माय! लागलं ना वो," हात झटकत बाई म्हणाली.

मी विचारलं, "डाव्या हातानं मारायचं तुला कुणी सांगितलं?"

"काऊन? सुमनबाईनं."

"अगं, पण सुमनबाई या गावात आल्याच नाहीत."

"इथं नाई वो. माह्या माहेरी. उन्हाळ्यात लेकरं घेऊन गेलती ना मी." आणि तिनं आमच्या कोर्सच्या गावाचं नाव घेतलं. "इथच्या अर्ध्या सुना तिथच्याच लेकी हायेत. सारे बसलो होतो वर्गात. माहेरी काम काय राह्यते? खाणं अन् झोपणं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मे महिन्यात बाई कुठे असते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उद्घाटन उरकून मी स्वतः पोरांना घेऊन अमरावतीला आईकडे आंबे खायला गेले होते. आणि साहेबांचं ते मॅचिंग! दोन गावांचं सगळंच इतकं जुळल्यावर सोयरिकी होणारच की. साहेबांनी परदेशी पद्धतीनं जी गावं जुळवली, ती गावातल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सुमनताईंना घेऊन मी कोर्सच्या गावात गेले. पहिल्याच घरात सून लेकराला भरवत होती.

"उन्हाळ्यात वर्गाला होतीस का गं?"

"नाई. मी माह्या माहेरी, अल्लीपूरले होती. आमची नणंद बसे वर्गात."

"मग नणंदेनं तुला काही सांगितलं नाही?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नणंदेनं सांगतलं अन् भावजयीनं आयकलं, असं तुमच्या घरी होते का वो?"

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. मला हसू आवरेना. सुमनताई मात्र हसत नव्हत्या. त्या एका ओट्यावर बसल्या.

"म्हंजे मी शिकोलं नणंदायले, अन् पेपर दिला भावजयायनं," त्या म्हणाल्या. "अन् नापास मी. घरी काय सांगू, मॅडम? थो बुढा तं इळा धार लावून बसला हाये." त्यांचे डोळे भरून आले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आकडे मांडले तेव्हा व्हायचं तेच झालं. शिकवलेलं गाव होतं तिथेच, आणि न शिकवलेलं गाव सुधारलेलं. मी टेबल घेऊन साहेबांकडे गेले आणि सगळी हकीकत सांगितली.

"पण त्या गावात आपण कोर्स घेतलाच नाही," साहेब म्हणाले.

"कोर्स केलेल्या बाया तिथे नांदतात, साहेब."

"आपलं युनिट घर आहे. बाई नाही."

"घर मुलांना मारत नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे पाहा. ज्या कोर्सला होत्या आणि नंतर त्या घरात सापडल्या नाहीत, त्यांना ड्रॉप-आउट म्हणतात."

"आणि ज्या कोर्सला नव्हत्या पण नंतर सापडल्या?"

"त्या बेनिफिशियरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "मग मला त्या ड्रॉप-आउट बायांच्या सासरी जाऊन प्रश्न विचारू द्या."

"जा ना. नावं आहेत?"

नावं कुठली? गोपनीयता! मी हट्टानं वेगळी नोट लिहिली. साहेबांनी ती रिपोर्टच्या शेवटी, बारीक टायपात, 'किस्सेवजा माहिती' म्हणून लावली आणि रिपोर्ट दिल्लीला पाठवून दिला.

दिल्लीहून उत्तर आलं. कोर्स निष्फळ, बंद करावा. सुमनताईंची पोस्ट गेली. त्या ऑफिसात आल्या, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "तुमची शाई वाळली, मॅडम." ज्या बाईनं काम केलं तिलाच घरी बसवणाऱ्या रिपोर्टवर मी सही केली होती.

चार दिवसांनी साहेब केबिनमधून पेढे घेऊन बाहेर आले. दिल्लीच्या त्याच उत्तराचा पुढचा भाग त्यांनी आता सावकाश वाचला होता. कोणताही कोर्स न घेता कंट्रोल गावातल्या आया एवढ्या सुधारल्या ही बाब दिल्लीला विलक्षण वाटली होती. त्यामागचं कारण शोधायला नवा प्रोजेक्ट मंजूर झाला होता. 'स्वयंस्फूर्त सुधारणा' असं साहेबांनी त्याचं नावही ठेवून टाकलं.

"साहेब, कारण मी नोटमध्ये लिहिलंय," मी म्हटलं.

"ते तुमचं मत झालं. आता अभ्यास होईल."

नोकरीत पहिल्यांदाच मी साहेबांशी भांडले नाही. पेढा खाल्ला आणि म्हटलं, "खरंय साहेब. फार खोल विषय आहे. याला इथली बोली जाणणारी, बायांच्या चुलीपर्यंत जाऊ शकणारी अनुभवी इन्व्हेस्टिगेटर लागेल. आणि वेळ तर भरपूर लागेल."

"आहे कुणी तुमच्या नजरेत?"

"आहे एक. सध्या मोकळी आहे."

ऑर्डर घेऊन मी स्वतः बोरगाव मेघेला गेले. सासरा बाजेवर बसला होता. सुमनताई नुकत्याच वावरातून आल्या होत्या, हाताला माती. त्यांनी ऑर्डर एकदा वाचली, मग परत वाचली. मी प्रोजेक्ट काय आहे ते समजावून सांगितलं.

"थांबा, मॅडम. म्हंजे आता मीच मले हुडकाचं?"

"हो. पण घाई करू नका."

त्यांनी अजिबात घाई केली नाही. सरकारी खर्चानं त्या गावोगाव फिरल्या, सुनांच्या अंगणात बसल्या, जाईल तिथे डाव्या हाताचं सांगितलं, आणि पुढच्याच गावात त्याचा परिणाम 'स्वयंस्फूर्त' म्हणून नोंदवला. साहेब विचारायचे, "कारण सापडलं का?" सुमनताई म्हणायच्या, "जवळ आलो आहोत, साहेब." पर्मनंटची ऑर्डर हातात पडेपर्यंत त्या जवळच येत राहिल्या.

एवढी वर्षं इव्हॅल्युएशन करून मला एकच गोष्ट खात्रीनं कळली आहे. काम करणाऱ्याची पोस्ट टेम्पररी असते. ते काम कुणी केलं हे शोधणाऱ्याची पर्मनंट होते.