डोक्यावरचा हात

काल चर्चमधल्या एका नव्या सुनेच्या घरी प्रार्थनेला गेले होते. सगळ्यांनी डोळे मिटले आणि गॅसवरून करपल्या दुधाचा वास आला.

लग्न करून इंदापूरहून बारामतीत आलो, तेव्हा ह्यांना एमआयडीसीत नोकरी लागली होती आणि मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तीन वर्षं मूल नको, असं दोघांनी मिळून ठरवलेलं. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या. पहिल्याच गुरुवारी चर्चच्या बायका खोलीवर आल्या. चहाचं दूध स्टोवर होतं. पाळकबाईंनी मला गुडघ्यांवर बसवलं आणि डोक्यावर हात दाबला. "प्रभू, वर्षाच्या आत हिच्या मांडीवर लेकरू खेळू दे!" दूध उतू गेलं, करपलं, तरी हात हलेना. मी डोळे किलकिले करून ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान आणखी खाली घातली. सगळ्या माझ्यासाठी थांबल्या, तेव्हा मी "आमेन" म्हणाले. मग रोज गोळी घेताना देवाला फसवल्यासारखं वाटायचं. महिनाभरात गोळ्या बंद केल्या. नर्सिंग राहूनच गेलं.

काल हात माझा होता. त्याखाली पोरीची मान ताठ झालेली मला कळत होती.

"आक्का, लेकरू मागा की तिच्यासाठी," मागून कुणीतरी म्हणालं.

मी हात उचलला.

"ऊठ पोरी. आधी दूध बघ."