सव्वा महिन्यानंतर आणा

पहिल्या बाळंतपणात माझी पत्नी दोन दिवस अडली होती. मूल सुखरूप झालं, पण खाटेवरून उतरताना तिचा उजवा पाय घोट्यापासून लुळा लोंबला. बोटं वर उचलेनात. सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शीर दाबली गेली आहे, व्यायामाने सुधारेल. परळच्या एका इस्पितळात पोलिओच्या मुलांना चालायला शिकवतात, तिथे विचारा.

मी तेव्हा गिरगावात शाळेत शिकवत होतो. शाळा सुटल्यावर ट्रामने परळला गेलो. तिथला व्यायाम देणारा तरुण आस्थेचा माणूस होता. माझ्यासमोरच त्याने एका मुलीला लाकडी दांडीला धरून चार पावलं चालवलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी, किती दिवसांची बाळंतीण, ते विचारलं. नऊ, मी म्हणालो.

तो जरा मागे सरला. "ओल्या बाळंतिणीला मी हात लावत नाही, मास्तर. काही झालं तर? सव्वा महिन्यानंतर आणा."

मला बरं वाटलं. फणसवाडीतल्या आमच्या घरी आई हेच म्हणत होती: सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, परपुरुषाचा हात तर नाहीच. शिकलेला माणूसही तेच सांगतो म्हटल्यावर आईशी भांडावं लागणार नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

घरी येऊन निरोप दिला तेव्हा ती बाजेवर शेक घेत होती. हसून म्हणाली, "अहो, त्यांना सांगायचं ना, बाळंत मी झालेय, पाय नाही."

मीही हसलो. परत मात्र गेलो नाही.

बाजेखाली शेगडी होती, ओव्याची धुरी होती, डिंकाचे लाडू होते. मालिशवाली रोज येई आणि सगळं अंग रगडी, तो पाय तेवढा सोडून. इस्पितळाने ज्याला हात लावला नाही त्याला मी कशी लावू, म्हणे. पाऊल दिवसरात्र खाली कललेलं राही. त्याला आधार द्यावा हे कुणालाच सुचलं नाही. मुदत संपली त्या आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं. गोळीबार, ट्रामा बंद. आणखी दहा दिवस गेले.

शेवटी तिला टॅक्सीने परळला नेलं. त्याच तरुणाने पाऊल हातात घेतलं, वर दाबून पाहिलं. टाचेची शीर आखडून गेली होती. पहिल्याच आठवड्यात फळी बांधायला हवी होती, तो म्हणाला. मग त्याला माझा चेहरा आठवला असावा.

"मी भ्यालो, मास्तर."

भ्यालो तर मीही होतो, माझ्या आईला.

पुढे काही महिने त्याने जीव तोडून व्यायाम दिले. मग तिला पुन्हा दिवस गेले, आणि त्याने ते थांबवले. मी कारण विचारलं नाही. तिनेही नाही. त्यानंतर जन्मभर ती चाळीचे जिने कठड्याला धरून, पाऊल फरफटत चढली.

गेल्या वर्षी ती गेली. रीतीप्रमाणे पायांचे अंगठे एकत्र बांधायचे असतात. शेजारच्या बायका सुतळी घेऊन बसल्या. एक पाऊल सरळ, दुसरं खाली गेलेलं, अंगठे जुळेनात. त्यांतली एक हळूच म्हणाली, जरा ओढून बघू या का.

मी म्हणालो, "नको. राहू द्या."