आतला कण

"हा आवाज रॅकेटचा हाय, माह्या हाताचा नाही," असं शालिग्राम ढोमणे एकदा म्हणाला.

त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. सकाळचं टेनिस आटपून आम्ही कोर्टाच्या कडेच्या लोखंडी बाकावर बसलो होतो. त्याची रॅकेट गुडघ्यांच्या मधे उभी होती आणि तिच्यातून बारीक खुळखुळ येत होती. त्यानं ती उचलून कानाशी हलवली. मुठीच्या पोकळीत काहीतरी सुटलेलं होतं, वाळलेल्या गोंदाचा कण असावा. तो वाजला. "पाहा," तो म्हणाला. आम्ही पाहिलं.

शालिग्राम रेल्वेतून निवृत्त झालेला. यार्डात उभ्या मालगाडीच्या कडेनं चालत जायचं, प्रत्येक चाकावर लांब दांड्याची हातोडी मारायची आणि ऐकायचं, हे त्याचं काम. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा असेल तर आवाज मधेच मरतो. तसा आवाज आला की डब्यावर खडूनं खूण करायची. डबा सिक, म्हणजे आजारी. मग तो गाडीतून कापून बाजूच्या रुळावर नेऊन ठेवत. तिथं गवत वाढलेलं असे. काही डबे दुरुस्त होऊन परत गाडीला लागत, काही तिथंच राहत. खूण केली की शालिग्राम मान फिरवी. त्या रुळाकडे तो सहसा पाहत नसे.

ढोमण्यांचं घर मूळचं तुमसरचं. रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात तिसरी पिढी नांदते आहे, पण खंडेनवमीची रीत गावाकडची आहे. विळी, कात्री, हातोडी, ज्या वस्तूनं माणूस काम करतो ती धुऊन पाटावर ठेवायची आणि तिला हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही. दसऱ्याला मात्र ती वापरायचीच. नाही वापरली तर वर्षभर रुसते, असं त्याची आई सांगायची. नोकरी संपली तेव्हा हातोडी खात्यात जमा झाली आणि पाटावर तिच्या जागी रॅकेट आली. रेल्वे कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर तो तरुणपणापासून खेळत होता.

ती रॅकेट संपली होती, यात शंका नव्हती. नव्या तारा भरल्या तरी आठवड्यात सैल पडत. पूर्वीच्याच जोरानं मारलेला चेंडू रेषेबाहेर जाई, नाहीतर जाळीत मरे. चौकटीच्या वरच्या कडेला केसाएवढी रेघ दिसू लागली होती. तारा भरणाऱ्या नत्थूनं ती चौकट गुडघ्यावर दाबली. ती नको तितकी वाकली.

"हव भैया, एकर फ्रेम गइस," नत्थू म्हणाला.

शालिग्राम त्या दिवशी खूश होता. कोर्टावर येऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं, फ्रेम गेली. आमच्यातला शार्दूल नाशिकचा, नवा रायपूरमधल्या एका ऑफिसात नोकरीला. तो म्हणाला, "काका, मग घ्या की नवी. आता ही सत्यनारायणाचा शिरा ढवळायला ठेवा."

"घेऊ, घेऊ. घाई काहून करून राहिला बे?"

त्यानं घेतली नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आम्हाला वाटलं, जुन्या वस्तूवर जीव आहे.

जीव नव्हता. भीती होती. त्याचा थोरला भाऊ गोंदियाला तहसिलीत बाबू होता. त्या भावाचं दुखणं उजव्या हातापासून असंच सुरू झालं होतं. काम करताना हात स्थिर. मांडीवर मोकळा ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरू लागत, जणू औषधाची गोळी वळताहेत. मग शर्टाची बटणं राहिली. मग बोलणं बसलं. शेवटी चेहराही हलेनासा झाला. रडतानासुद्धा तो चेहरा तसाच असे, फक्त पाणी यायचं. शालिग्रामनं त्याला वाटीनं पेज पाजली होती. पेज गळ्याखाली उतरली की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळत नव्हतं.

म्हणून त्याला तो कण हवा होता. रॅकेट हातात असेपर्यंत जे काही वाजलं, हललं, ते तिच्यावर ढकलता येत होतं. ती खाली ठेवून नुसत्या हाताकडे पाहायचं, एवढीच परीक्षा होती. दुपारी घरात कोणी नसताना तो अंगणातल्या खुर्चीवर रॅकेट मांडीवर घेऊन बसे आणि ती परीक्षा देत नसे. दोष ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो आता कान बंद करून बसला होता. नवी रॅकेट वाजणार नव्हती, आणि तिचीच त्याला भीती होती.

विनोदिनी, त्याची बायको, काहीतरी पाहत होती.

"चहा डाव्या हातानं काहून पिऊन राहिले?"

"उजव्यात पेपर हाय."

पेपर टेबलावर होता. ती तिकडे बघत म्हणाली, "आणि कप अर्धाच भरून मागता आजकाल."

"सांडते."

"तेच म्हणून राहिली मी."

"तू जास्त भरते म्हणून सांडते."

ती उठली. गोंदियाच्या दिरांचं नाव त्या घरात वर्षभर कोणी घेतलं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी तो अंघोळ करून आला, तर पाटावर विळी होती, कात्री होती आणि एक नवी रॅकेट होती. तिच्यावर कुंकू लागलेलं, तारांत झेंडूचं फूल खोवलेलं. जुनी कपाटावर गेली होती. मुलगी निधी दारात उभी होती. तिला मराठी कळतं, पण ती हिंदीत बोलते.

"बाबा, हर साल उसी मुर्दे की पूजा करोगे क्या?"

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तर आणू दिली असती का?" विनोदिनी म्हणाली. तिनं उदबत्ती लावली. "आता पुजली. उद्या खेळावंच लागते हिनं."

नाही म्हणायला त्याच्याकडे एकच कारण होतं आणि ते खरं होतं, म्हणून सांगता येत नव्हतं. त्यानं हात जोडले. जोडलेले हात थरथरत नव्हते, हे त्यानं पाहिलं. विनोदिनीनंही पाहिलं.

दसऱ्याला कोर्टावर आम्ही चौघेच होतो. शेजारच्या मैदानात बांबू बांधून रावण उभा करत होते, त्याला डोकी अजून लावायची होती. शालिग्राम नवी रॅकेट घेऊन उतरला. पहिला चेंडू त्यानं जपून मारला. तो गेला, जिथं जायला हवा तिथं पडला. दुसरा त्यानं जोरात मारला. तारांतून स्वच्छ, भरीव आवाज आला, आणि आम्ही पाहिलं की तो हसतो आहे.

"काका, कुठे लपवला होता हा हात?" जाळीपलीकडून शार्दूल ओरडला.

"पोट्टे हो, रॅकेट होती खराब. सांगून राहिलो होतो ना?"

तो बोलत सुटला. नत्थूनं चौकट कशी दाबली ते सांगितलं, आणि मी उगाच एवढे दिवस घालवले म्हणाला. त्या सकाळी तो आमच्यापैकी कोणापेक्षाही चांगला खेळला.

सेट संपवून आम्ही बाकावर आलो. शालिग्रामनं टॉवेल मानेवर टाकला, पाय पसरले, रॅकेट बाकाच्या कडेला टेकवली आणि हात तिच्या मुठीवर सैल सोडून दिला. शार्दूल आपट्याची पानं वाटायला पिशवी उघडत होता.

टिक टिक टिक टिक.

आवाज बारीक होता. शार्दूलनं आधी मैदानाकडे पाहिलं, तिथं खिळे ठोकत असावेत म्हणून. पण आवाज जवळ होता, लोखंडावरचा होता, एका लयीत होता. मग आम्हा सगळ्यांनाच दिसलं. नव्या रॅकेटची कडा बाकावर आपटत होती. मुठीवरचा अंगठा बोटावर फिरत होता.

शालिग्राम ऐकत होता. मान किंचित तिरपी, डोळे अर्धे मिटलेले, यार्डात ऐकत असेल तसं. त्यानं हात घट्ट आवळला. आवाज थांबला. त्यानं हात सैल केला, मुद्दाम, आणि थांबला.

टिक टिक टिक.

"काका, सोनं घ्या," शार्दूल म्हणाला. त्यानं पानं पुढे केली.

शालिग्रामनं रॅकेट बाकावर आडवी ठेवली. उजवा हात डाव्या हातात धरला, झेंड्याची काठी धरावी तसा. मग तो उठला आणि आमच्या कोणाकडे न बघता फाटकातून बाहेर गेला.