वाळूच्या खड्ड्यातली पिल्लं

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक काळा डाग वाढत चाललाय. यंदा थंडी सरताच ह्यांनी एकच हट्ट धरला, फ्यूटची पिल्लं बघायची. फ्यूट म्हणजे डोक्यावर तुरा असलेला इथला पाणपक्षी. पिल्लांना पाठीवर बसवून हिंडतो. "पुढच्या वर्षी मला दिसतील न दिसतील," हे म्हणाले. मग फेल्डहोवनच्या आमच्या घरापासून बसने तळ्यावर गेलो.

या तळ्याशी माझी ओळख जुनी आणि भांडणाची. लग्न होऊन नुकतीच या देशात आले होते. "रविवारी तळ्यावर जाऊ," हे म्हणाले. तळं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचं वेण्णा तळं. नावा, घोडे, भाजलेली कणसं. मग काय, बाईसाहेबांनी मोरपंखी पैठणी नेसली, गजरा मिळेना म्हणून अंबाड्यात कुंडीतलं फूल खोवलं, साबुदाणे वडे तळून घेतले. पोचलो तर तारेचं कुंपण, पलीकडे गढूळ पाणी आणि त्यात वाळू उपसणारं एक धूड घरघरतंय! आमचे इंजिनियर साहेब कुंपणाला नाक लावून उभे. "अगं, बघ तरी, तळातली वाळू कशी वर खेचतंय!"

"बघितली," मी म्हणाले, गाडीत जाऊन बसले आणि सगळे वडे एकटीने संपवले. घरी येताना हे उपाशी, मी पोट धरून, पण मान मात्र ताठ. काय ती ऐट!

पुढे वाळू संपली, यंत्र गेलं, पाणी निवळलं. आता एका काठाला पोरं डुंबतात, दुसरा काठ पक्ष्यांसाठी राखलेला. तिथे फटी ठेवलेली एक लाकडी भिंत आहे, तिच्याआडून बघायचं. ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसलं का हो?"

"दिसतंय की. छान बसलंय."

मी तिकडे नजर वळवली. "अहो, तो तरंगता बोया आहे. त्याला पिल्लं होत नाहीत."

हे खळखळून हसले. मग दुर्बीण खाली केली. "नाही दिसत गं मला. तू सांग."

मी दुर्बीण घेतली आणि फटीला नाक लावलं.

"लव्हाळ्यापाशी आहे," मी म्हटलं. "तुरा विस्कटलाय, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. पाठीवर दोन डोकी. पट्टेरी."

"पट्टेरी?"

"तुमच्या लेंग्यासारखी. बाप मासा घेऊन आलाय. दोघं पुढे झेपावतायत... अगं बाई, एक घसरलं पाण्यात!"

ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. "चढलं का?"

"पाय मारतंय."

"आता?"

"थांबा हो. आईने पंख जरा खाली केलाय... चढलं!"

ह्यांनी श्वास सोडला. दंड सोडला नाही.

"आणि दुसरं? ते काय करतंय?"