कडेला लागलेली गोळी

“काउंटर्स?” टायमर धरलेल्या माणसाने विचारलं.

डावीकडच्या काउंटरने एक बोट वर केलं. म्हणजे एक मिस. मागे उभ्या असलेल्या बाईंनी मूठ दाखवली. म्हणजे एकही मिस नाही. राहिलो मी. समोर सेप पाठमोरा उभा होता. रायफल टेबलावर ठेवलेली, दोन्ही हात कंबरेवर. तो वळून बघत नव्हता. मी काय दाखवणार यावर त्याचं सगळं अवलंबून होतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी एक बोट वर केलं.

आता हा काय प्रकार ते सांगतो. काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंग नावाचा एक खेळ आहे. जुन्या पद्धतीच्या बंदुका, डोक्यावर हॅट, अंगात वेस्टकोट, आणि समोर लोखंडी पाट्या. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल, एक शॉटगन, ठरलेल्या क्रमाने त्या पाट्यांवर चालवायच्या. जितका वेळ कमी तितकं चांगलं. पण पाटी चुकली की प्रत्येक चुकीचे पाच सेकंद वाढतात. पाच सेकंद ऐकायला काही नाहीत. त्या खेळात ते फार आहेत. जर्मन माणूस हा खेळ खेळतो हे मलाही खोटं वाटलं होतं. पण खेळतात, आणि जर्मन शिस्तीने खेळतात. क्लब, लायसन्स, नियमांची पुस्तिका, सगळं.

मिस मोजायला तीन माणसं असतात. ते काउंटर. तिघांपैकी दोघांचं जुळलं की तो निकाल. आणि काउंटरला पहिल्या दिवशी एक नियम पाठ करायला लावतात: हिट वाटली तर हिट. मिस वाटली तरी हिट. मिस आहे हे पक्कं माहीत असेल तरच मिस. थोडक्यात, शंका आली तर ती नेमबाजाच्या बाजूने.

माझ्या नोकरीतला नियम बरोबर उलटा होता. रेगेन्सबर्गजवळच्या एका कारखान्यात मी टेस्ट इंजिनिअर होतो. गिअरबॉक्स तयार झाला की तो बेंचवर फिरवून त्याचा आवाज तपासायचा. मायक्रोफोन असतात, स्क्रीनवर ग्राफ येतो, पण ग्राफला जे कळत नाही ते कधी कधी कानाला कळतं. एखाद्या दात्यावर बारीक ओरखडा असला तरी मला तो ऐकू यायचा. शंका आली की गिअरबॉक्स बाजूला. तिथे शंकेचा फायदा कोणाला नाही.

हे काम मला सेपने शिकवलं. सेप आमच्या टेस्ट हॉलचा माइस्टर, म्हणजे मुख्य फोरमन. वय चौसष्ट, अस्सल बव्हेरियन, बोलायला तिखट आणि मनाने लोणी. आम्हाला वोनुंग, म्हणजे भाड्याची जागा, मिळत नव्हती, घरमालक माझं आडनाव ऐकूनच फोन ठेवायचे, तेव्हा सेपने स्वतः एका मालकाला फोन केला. काय बोलला देव जाणे, पण घर मिळालं. सुजाता, माझी बायको, त्याला दर दिवाळीला चकल्या पाठवायची. तो त्या बिअरबरोबर खायचा आणि पुढच्या वर्षी जास्त पाठवा म्हणून सांगायचा.

क्लबमध्येही मला त्यानेच नेलं. “तुझे कान फुकट चाललेत. बंदूक धरू नकोस, नुसतं मोज.” बंदूक मी खरंच धरली नाही. हॅट मात्र घालावी लागली. काऊबॉयच्या खेळात अखेर खरा इंडियन आला, हा विनोद मला पहिल्या दिवशी सात जणांनी ऐकवला. सातही वेळा मी हसलो. दुसरं काय करणार?

त्या उन्हाळ्यातली ही मॅच सेपची शेवटची होती. त्याचा उजवा डोळा जात चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा सीझन खेळा आणि थांबा. एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट कधीच जमली नव्हती: क्लीन मॅच. सहाच्या सहा फेऱ्या, आणि एकही मिस नाही. पहिला नंबर येणं वेगळं आणि क्लीन मॅच वेगळी. क्लीन मॅच करणाऱ्याला एक छोटी पितळी पिन मिळते. हॅटला लावतात. सेपच्या हॅटला ती जागा त्याने कितीतरी वर्षं मोकळी ठेवली होती. शनिवारी दुपारपर्यंत त्याच्या पाच फेऱ्या क्लीन झाल्या होत्या.

सहावी सुरू व्हायच्या आधी डॉक्टर क्राउस आले. हे पीएचडीवाले डॉक्टर, आमच्या डिपार्टमेंटचे हेड. क्लबमध्येही मॅचची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. माझा दोन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपत होता, आणि तो पर्मनंट करायचा की नाही हे त्यांच्या सहीवर होतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार.

त्यांनी एकदा सेपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे वा, सेपने आपला घरचा काउंटर आणलाय! आता गोळी आकाशात गेली तरी हिट!”

सगळे हसले. सेपही हसला. मी हसलो नाही.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी औरंगाबादचा, शिकलो पुण्यात. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर एकाने विचारलं होतं, “तुझं काय बाबा, सवलतीत ना?” चार वर्षं तेच. मार्क पडले की सवलत, नोकरी लागली की सवलत. जर्मनीत येऊन इतकी वर्षं झाली, इथे माझ्या आडनावावरून परदेशी कळतो, जात कोणाला कळत नाही. पण ती भीती हाडात मुरली. माझ्यावर कोणी मेहेरबानी केली, किंवा मी कोणावर केली, असं नुसतं वाटलं कुणाला तरी माझं डोकं फिरायचं. मी ताकही फुंकून प्यायचो, आणि वर तेच प्रामाणिकपण समजायचो.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, “बरोबर आहे साहेब, दुसऱ्याला उभं करा.” नियमात तशी सोय होती. पण मग मला स्वतःची खात्री नाही असं दिसलं असतं. छे! मी उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

सेप आमच्या गटात शेवटचा होता. त्याच्या आधीच्या माणसाच्या वेळी रायफलच्या एका पाटीची कडी तुटली. खेळ थांबवून नवी पाटी लावली, पांढरी फटक, एकही डाग नसलेली. मग सेप उभा राहिला. टायमर वाजला.

रिव्हॉल्व्हर साफ गेले. शॉटगन साफ. शेवटी रायफल. दहा गोळ्या, त्यातल्या शेवटच्या तीन त्या नव्या पाटीवर. टण. टण. आणि तिसरी.

तिसरीला टण झालं नाही. कानावर आवाज अडवणारे मफ होते, आणि तरीही मला एक बारीक ‘टक्’ ऐकू आला. पाटी हलली की नाही ते कळलं नाही. मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडाली. आता गोळी पूर्ण चुकली तर धूळ उडतेच. पण कडेला घासून गेली तरी उडते. म्हणजे धुळीवरून काहीच सिद्ध होत नाही. आणि नियमाप्रमाणे कडेला घासलेली गोळी ही हिट.

डावीकडच्याला उजवी कड दिसतच नव्हती. त्याने मिस दिला, तो त्याला दिसलं त्याप्रमाणे. मागच्या बाईंनाही ‘टक्’ ऐकू आला असणार, त्यांनी क्लीन दिलं. आणि मी? दिवसभर गिअरच्या दात्यांवरचे ओरखडे ऐकणारा मी? मी ऐकलं होतं. पण डॉक्टर क्राउस माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, मी मूठ दाखवली तर सगळे म्हणणार, बघा, घरचा काउंटर. आणि माझं बोट वर गेलं.

“एक मिस,” टायमरवाला म्हणाला.

सेपने मान हलवली, बंदुका उचलल्या आणि रिकाम्या करून दाखवायच्या टेबलाकडे गेला. नेमबाज काउंटरशी वाद घालत नाही, ही तिथली रीत.

गट संपला, रेंज बंद झाली, आणि पुढच्या गटासाठी पाट्या रंगवायला आम्ही खाली गेलो. ते काम काउंटरचंच असतं. स्प्रेचा पांढरा डबा घेऊन मी त्या पाटीपाशी पोचलो. मधोमध शिशाचे दोन गोल डाग होते. आणि उजव्या कडेला बोटभर लांब, करडा, चकचकीत ओरखडा.

पाटी नवी होती. तिच्यावर सेपशिवाय कोणी गोळी मारलेली नव्हती. तीन गोळ्या, तीन खुणा. यापेक्षा जास्त पुरावा मला कधी टेस्ट बेंचवरही मिळाला नाही.

मी मागे वळून पाहिलं. सेप स्कोअरच्या टेबलापाशी उभा होता. नेमबाजाने सही केली की स्कोअर पक्का, त्याआधी बदलता येतो. त्याने खिशातून चष्मा काढला होता आणि तो पुसत होता. अजून सही केली नव्हती. मी नुसती हाक मारायची होती. “थांबा, इकडे या,” एवढंच. पण हाक मारली असती तर पुढचा प्रश्न आला असता: मग बोट का वर केलंस? त्याला माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

मी डबा हलवला आणि ओरखड्यावर रंग मारला. दोनदा मारला, शिसं रंगातून दिसतं म्हणून.

लहानपणापासून आमच्या घरी पंचशील म्हटलं जातं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. त्या क्षणी माझ्या हुशार डोक्यात काय आलं असेल? की मी आत्ता खोटं बोललो नाही, नुसता गप्प राहिलो. लाज वाटते सांगायला, पण हेच आलं.

सोमवारी सकाळी डॉक्टर क्राउसनी बोलावलं.

“बसा. तर, शनिवारी मी बघत होतो,” ते म्हणाले. “सेप तुमचा मित्र. तरी तुम्ही मिस दिलात. सोपं नव्हतं ते.”

मी खुर्चीच्या कडेवर बसलो.

“तपासणीला मला असाच माणूस हवा. नाती न बघणारा. तुमचा कॉन्ट्रॅक्ट मी पर्मनंट करतोय. आणि पुढच्या वर्षीपासून फायनल टेस्टिंगची जबाबदारी तुमच्याकडे.”

मी “डांके” म्हणालो. आणखी काय म्हणालो ते आठवत नाही. बाहेर येऊन सुजाताला फोन केला. ती रडायलाच लागली आनंदाने. “सेपना पहिलं सांग हं,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळेच झालं सगळं.” तिचं बोलणं अगदी खरं होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

मी हॉलमध्ये गेलो. सेप बेंचवर वाकून सेन्सरची वायर बसवत होता.

“सेप, शनिवारची ती तिसरी गोळी. कडेला लागली होती.”

“हो,” तो म्हणाला. “माहितेय.”

“माहितेय?”

“मारणाऱ्याला कळतं.” त्याने वर बघितलं नाही. “तुलाही कळलं होतं. तुझे कान मला ठाऊक आहेत.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“मी वाट बघत होतो. चष्मा पुसत उभा होतो. म्हटलं, पाटीपाशी गेलाय, आता हाक मारेल.”

“मी आत्ता जाऊन क्राउसना सांगतो.”

“काय दाखवशील? रंग?”

“अरे सेप, लोक म्हणाले असते की मी तुला फेव्हर केला. म्हणून मी...”

आता तो सरळ उभा राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. “फेव्हर? शंका नेमबाजाच्या बाजूने, हा नियम आहे. तिथे माझ्या जागी तुझा शत्रू असता तरी त्याला ती मिळाली असती. मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. जे माझं होतं तेवढं द्यायचं होतंस.”

हे वाक्य मला जर्मन माणसाने शिकवावं? सवलत वेगळी आणि हक्क वेगळा, हे मी हॉस्टेलवर घसा फोडून सांगत आलो होतो. लोकांची तोंडं बंद केली होती. आणि वेळ आली तेव्हा मी स्वतःच एका माणसाच्या हक्काला मेहेरबानी समजलो आणि तो काढून घेतला.

मी क्राउसना सांगायला गेलो का? नाही गेलो. कॉन्ट्रॅक्टचे कागद त्याच आठवड्यात आले. सही केली. सेपने डिसेंबरपर्यंत काम केलं आणि रिटायर झाला. तोवर तो माझ्याशी कामाचं सगळं बोलायचा, नीट बोलायचा. कामापलीकडचं काही नाही. दिवाळीच्या चकल्या मी नेऊन दिल्या, त्याने डबा हॉलमध्ये सगळ्यांसाठी उघडून ठेवला. बंदुका त्याने शरद ऋतूतच विकल्या होत्या. निरोपाच्या दिवशी त्याने माझ्याशी हात मिळवला, इतर चाळीस जणांशी मिळवला तसाच.

मी अजून त्याच हॉलमध्ये आहे. नवीन इंजिनिअर आले की त्यांना एक गोष्ट सांगतो. ज्याचा न्याय करायचा तो आपला माणूस असेल, तर आधीच हात वर करून बाजूला व्हा, त्यात कमीपणा नाही. आणि थांबलात, तर मग फक्त पाटीकडे बघा. आपण कसे दिसतोय ते बघत राहिलं की नेमकी पाटी दिसत नाही.

ते वहीत लिहून घेतात. क्लबच्या रेकॉर्डमध्ये त्या मॅचसमोर सेपच्या नावापुढे अजून ‘एक मिस’ लिहिलेलं आहे. मिस माझा होता. पाच सेकंद त्याला लागले.